बाहीचं माप

डिचोलीच्या बाजारात माझं दुकान.
मे संपत आला की गणवेश येतात
आणि मी दिवसभर सांगत राहतो,
सरळ उभा राहा रे, श्वास सोड.

प्रजोत हरमलकर. सातवी.
खांदा चौदा. छाती सव्वीस. बाही...
टेप परत लावली.
चोवीस.
बारा वर्षांच्या पोराची.

छाती मधोमध आत गेलेली,
ओल्या मातीवर कोपर टेकवून कुणी उठावं तशी.
जाड चष्मा.
बोटं त्यानं माझ्या कात्रीवर ठेवली
तर कात्रीच लहान दिसली.

आई म्हणाली, पूर्ण बाही शिवा,
पोरं हात बघून हसतात.
बापावर गेलाय.

बापाचं माप माझ्याकडे होतं.
मी वह्या टाकत नाही, वाळवी लागली तरी.
रात्री सापडलं: लग्नाचा कोट, राखाडी,
रोहिदास हरमलकर, बाही साडेसत्तावीस,
शेजारी माझ्याच अक्षरात
'परत मोजली, बरोबर.'

रोहिदास खाणीवरचा ट्रक चालवायचा,
गुडघे स्टिअरिंगला लागायचे.
छत्तिसाव्या वर्षी, साखळीच्या उतारावर
ट्रक नीट कडेला घेतला,
हँडब्रेक ओढला,
आणि गेला.
लोक म्हणाले, अटॅक.

दोन्ही पानं शेजारी ठेवून बसलो.
सकाळी तिच्या दारात:
वहिनी, याला एकदा बांबोळीला दाखवा.
का, ते मला सांगता येत नाही.
ती म्हणाली, कापड बिघडवलंत का?

बांबोळीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुठीत अंगठा धर.
अंगठा पलीकडून बाहेर आला.
मनगटाला विळखा घाल.
करंगळी अंगठ्यावर चढली.
मग हात पसरायला लावून टेप लावली. तिथंही टेप.
उंचीपेक्षा हात अकरा सेंटिमीटर जास्त.

परत आल्यावर ती मशीनसमोर उभी राहून सांगत होती:
काळजातून मोठी नळी निघते म्हणे,
हिची भिंत पातळ, ताण आला की आतून
उसवते
म्हणाली, आणि माझ्याकडे बघून थांबली.

आता रोज एक गोळी. फुटबॉल बंद.
प्रजोत संध्याकाळी दुकानात येतो,
वरच्या फळीवरचा तागा शिडीशिवाय काढून देतो,
बापाचं पान उघडतो.
'परत मोजली' का लिहिलं, विचारतो.
विश्वास बसला नव्हता, मी म्हणतो.
तो हसतो, आणि हात पाठीमागे घेत नाही.

शर्ट झालाय त्याचा.
बाहीत तीन इंच कापड आत दुमडून ठेवलंय,
बाहेरून कळत नाही.
पुढच्या जूनला ती शिवण उसवायची.
मीच उसवीन, ब्लेडनं, सावकाश.