थंड कुत्रा

पोरीनं फोनवर नाव सांगितलं तेव्हा मी हसलो:
थंड कुत्रा.
केकचं नाव हे. भट्टी नाही, ओव्हन नाही,
नुसते बिस्किटांचे आणि चॉकलेटचे थर.
असं का म्हणतात, तिलाही नक्की ठाऊक नाही.
खाणीतल्या डब्यासारखा साचा असतो म्हणे,
आणि त्या डब्याचं नाव त्यांच्या भाषेत कुत्र्याच्या नावाशेजारचं.

परभणीत मे महिन्यात थंड कुत्रा एकच:
आमच्या नळाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडलेला,
ऊन कलेपर्यंत शेपूटही न हलवणारा.

सुकेशिनी तिकडं लायप्झिगला नर्स आहे, म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात.
तिथली एक बाई स्वतःच्या लेकाला विचारते, आपण कोण?
पण खोबऱ्याचं तेल किती, कोको किती,
बिस्किटं उभी लावायची की आडवी,
हे बोटानं चादरीवर आखून दाखवते. न चुकता.
"पप्पा, करून बघा ना. माझ्या वाढदिवसाला."

जगात जर्मनी, भारतात परभणी!
आयुष्यभर ही म्हण टपरीवर फुकट वाटली,
आता तिचं बिल आलं.

खोबऱ्याचं तेल म्हटल्यावर हिनं निळी बाटली पुढं केली.
"डोक्याचं तेल खायलेत व्हय तिकडं?"
मग मी गांधी पार्कात तीन दुकानं फिरलो.
तिकडं ते वडीसारखं पांढरं, घट्ट असतं;
इथं दुकानदारानं बाटली हलवली
तर आतलं पाण्यागत खळखळलं.

साचा म्हणजे आमचा चमच्यांचा लांब डबा.
आत दुधाच्या पिशव्या, चिरून, धुऊन, पालथ्या घातलेल्या.
मारीचं गोल बिस्किट कोपऱ्यात बसेना
म्हणून ग्लुकोजचे पाच पुडे.
अंडं ती बाई कच्चंच घालते;
मी नाही घातलं, या उन्हात कुणाचा भरवसा?
एक थर काळा, एक थर भुरा,
वरून हिनं तळहातानं दाबलं,
भाकरी थापल्यासारखं, हलकं, फिरवत.

रात्री नऊला डबा फ्रिजमध्ये गेला.
साडेनऊला लाईट गेली.

बत्तीस वर्षं मी बोर्डात लाईनमन होतो.
खांबावर बसून खालच्या गल्लीच्या शिव्या ऐकल्यात,
त्यात कुणाचं लग्न होतं, कुणाची परीक्षा,
केक कुणाचाच नव्हता.
सबस्टेशनला फोन लावला.
पलीकडं नवं पोरगं: "काका, फॉल्ट सापडायलाय, दहा मिनिटं."
हे वाक्य माझं आहे.
दहा मिनिटं म्हणजे किती, मला सांगू नको रे.

"दार उघडू नका, गार निघून जाईल," म्हणत
ही फ्रिजपुढं खुर्ची टाकून बसली
आणि बसल्या बसल्या झोपली.
दोनच्या पुढं कधीतरी फ्रिज खाकरला,
मग धरलं त्यानं.

चारला मी डबा पालथा केला.
पिशवीवरची तारीख केकवर उलटी उमटलेली.
एक कड वितळून बसलेली, बाकी उभा.
इथले चार म्हणजे तिथले साडेबारा,
तिच्या रात्रपाळीतली जेवणाची वेळ.
फोन लावला. अंधुक बोळात निळ्या कपड्यात ती,
आवाज दाबून बोलणारी, कुणी जागं होऊ नये म्हणून.
"पप्पा, दाखवू नका. आधी कापा.
त्या म्हणतात, नीट झाला असेल तर ऐकू येतं."

मी फोन सुरीजवळ धरला.
मऊ, मग कट्.
मऊ, मग कट्.
मग खाली स्टीलचं ताट.

तिकडून बराच वेळ काही नाही.
मला वाटलं, रेंज गेली.
मग ती म्हणाली,
"अजून एक काप."