मनगटापुरतं

पहाटे पाच वीसची पहिली गाडी, कात्रज डेपो.
दिव्यांखाली धुकं, इंजिन खोकतंय,
आणि माझ्या खाकी बाहीतून
हळदी रंग डोकावतोय.

दादाच्या मोडक्या सायकलचे दोन स्पोक,
फरशीवर घासून टोक काढलेले,
त्याच माझ्या सुया.
लोकर तुळशीबागेतली, उरलीसुरली गुंडी:
हळदी, जांभळी, आणि एक
जिचा रंग दुकानदारालाही सांगता येईना,
म्हणून निम्म्या भावात.
दोन सुलट, दोन उलट.
शेवटच्या स्टॉपवरच्या सात मिनिटांत
दोन ओळी होतात.
चहा घेतला तर एकच.

बोटं उघडी ठेवलीत मुद्दाम.
तिकीट फाडायचं, सुट्टे मोजायचे;
थंडी म्हणून काय सगळंच झाकायचं?

चेकर म्हणाले, हे गणवेशात बसत नाही.
म्हटलं, मनगटात बसतं.

आमचे ड्रायव्हर तनपुरे हसले नाहीत.
स्वारगेटच्या सिग्नलला ते
दोन्ही हात काखेत दाबून धरतात,
आणि हिरवा लागला की
हिरव्यावरच चिडतात.
आठवड्याने, रस्त्याकडे बघतच:
"काळी मिळते का हो लोकर?"

विणले. काळेच.
डाव्यात एक टाका सुटलाय.
आणि आतल्या बाजूला, कातडीला लागेल अशी,
ओवली एक ओळ जांभळी.

दिसली, असं ते कधी बोलले नाहीत.

आता संक्रांत होऊन गेली.
दुपारी पत्रा तापतो.
तनपुरे हातमोजे काढतात,
उलटे करतात,
आणि काचेपाशी, उन्हात ठेवतात.