चार नंबरचं कबूतर

जालन्याच्या कॉलेजात, सायकल स्टँडच्या मागं,
मानसशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे
पत्र्याच्या दोन पेट्या, एक लाल दिवा,
मोंढ्यातून आणलेली पाच कबुतरं
आणि मी, परिचर.
ज्वारी मोजायची, पाखरं जोखायची,
भरल्या अंगाच्या ऐंशी टक्क्यांवर ठेवायची.

"भुकेजलेत सर," पहिल्या दिवशी म्हणलं.
जिंतूरकर सरांनी चष्मा काढला.
"भूक कुणी बघितली, मुंजाजी?
तेवीस तास दाणा नाही, एवढं लिही."
लिहिलं.
पाखराच्या डोळ्याला रकाना नव्हता.

वसमतकर मॅडम डबा घेऊनच यायच्या भांडायला.
"आत कुणीच नाही, तर मग हा वाद कोण घालायलंय?"
"नाही कुठं म्हणतो? आतलंही वर्तनच,
फक्त कातडीच्या आतलं. त्याला कारण म्हणत नाही, इतकंच."
"मग कारण कुठंय?"
"बाहेर. मागं. जे झालं त्यात."
शेंगदाण्याची चटणी निम्मी निम्मी व्हायची.
वाद कधीच नाही.

मला कळलं ते एवढंच:
दर टोचीला दाणा दिला अन् मग बंद केला,
तर पाखरू लवकर नाद सोडतं.
कधी चौथ्या टोचीला, कधी चाळिसाव्या दिला,
तर चोच झिजस्तोवर खट् खट् खट्.

घरी यावं तर सोजर नळाची तोटी पिरगाळून बघायलेली.
पाणी कधी आठव्या दिवशी, कधी बाराव्या.
गल्लीभर तोट्या करकरायच्या.
मी मनातच आलेख काढला.
हसू आलं नाही.

चार नंबर मला बघून मान तिरपी करायचं.
तिसऱ्या रात्री मूठभर ज्वारी टाकली.
मग रोजच.
महिन्यात सरांची रेघ वाकडी.
त्यांनी तराजू बघितला, मग मला.
म्हणलं, गेली नोकरी.
सरांनी कोरं पान उघडलं:
उद्दीपक, तिरपी मान.
प्रतिसाद, एक मूठ.
प्रयोग कुणावर? मुंजाजी.
"पाखरानं पढवलं रे तुला."
दारातून मॅडम, "दया म्हणतात त्याला."
"असेल. किती ग्रॅमची, ते मोजायलोय."

पेट्या भंगारात गेल्या.
कबुतरं सोडली, चार उडाली.
चार नंबर बंद खिडकीच्या काचेवर टोचत राहिलं,
आधी सावकाश, मग चिडल्यागत, मग सावकाश.
एकशे अकरा. मी मोजलं.
सर याला विलोपन म्हणायचे.
मी बाहेरच्या फळीवर दाणे ठेवून आलो होतो,
ते त्यानं बघितलेच नाहीत.

आता रात्री अडीचला तोटीत हवा फुसफुसते
अन् सोजरच्या आधी मी उठून बसतो.
"तहान लागली का?" ती विचारते.
काय सांगावं.
अकरा दिवस पाणी नाही,
एवढं लिहा.