पश्चिमेस समुद्र

पुएर्तो अमपारोच्या नोटरीकडे
एकोणीस वर्षं मी खरेदीखतं टाइप करतोय.
पूर्वेस रस्ता.
उत्तरेस अंचुंदियांचा बकऱ्यांचा गोठा.
दक्षिणेस चिंचेचं झाड, असल्यास.
पश्चिमेस समुद्र.
तीन बाजू दर खताला बदलतात.
चौथी बोटं आपोआप उमटवतात,
मी तोवर खिडकीबाहेर बघून घेतो.

आधी इथे जमीन कुणी विकत नसे.
जावयाला देत, नाहीतर कोंबड्यांच्या झुंजीत हरत.
मग लाटांसाठी फळ्या घेऊन पोरं आली,
मग त्यांचे आईबाप, गुडघे धरलेले,
बर्फ उपसून कंटाळलेले.
मग डांबर आलं.
मग तोमासाच्या दुकानात बदामाचं दूध आलं
आणि त्याच महिन्यात
मीटरचा भाव चार डॉलरवरून अकरावर गेला.

इथे फार वाव आहे, वॉशिंग्टन मेरो म्हणतो.
परवापरवापर्यंत तो धक्क्यावर बर्फाच्या लाद्या फोडायचा.
आता पांढरी विजार घालतो, गिऱ्हाइकाला टेकडीवर नेतो
आणि हात पसरून दाखवतो: बघा, केवढा वाव!
खाली होड्या दिसतात,
मासळी वाळवायच्या दोऱ्या दिसतात,
दोऱ्यांच्या मध्ये जिथे एक म्हातारी
पिंपावर बसून जाळं सांधतेय,
तिथे त्याचं बोट थांबतं.

मंगळवारी ती म्हातारी आमच्याकडे आली.
रामोना किहिहे. नवऱ्याचा शर्ट,
मनगटाला चिकटलेले दोन खवले.
चारशे वीस चौरस मीटर, सत्तेचाळीस हजार.
मी मसुदा वाचून दाखवत होतो, तिने थांबवलं.
किती मीटर म्हणालास?
चारशे वीस.
भरतीला की ओहोटीला?

नोटरीसाहेब हसले.
घेणारा हसला, जरा उशिरा,
कुणीतरी त्याला अर्थ सांगितल्यावर.
मी कागदाचे कोपरे जुळवत बसलो.

भूकंपानंतरच्या वर्षी मीही एक तुकडा घेतला.
विल्थरच्या बायकोकडून, आठशे डॉलरला.
विल्थरची होडी ऑगस्टात गेली होती, होडीबरोबर तो.
भाव काय चाललाय, हे विचारायला
ती माझ्याकडेच आली; माझं अक्षर चांगलं,
मी शिकलेला, तिच्या धाकट्याचा धर्मपिता.
मी भाव सांगितला.
त्या दिवशीचा तोच भाव होता, शपथेवर.
डांबराच्या रस्त्याचा ठराव तेवढा
तीन दिवसांपूर्वी
मीच टाइप केला होता.

चार खुंट ठोकले होते मी. तीन आहेत.
चौथा शोधायला अमावास्येच्या ओहोटीला
विजार गुडघ्यापर्यंत दुमडून जातो.
खेकडे बिळांतून बघतात, आत जातात.
कुठल्या लाटेखाली माझी जमीन सुरू होते
ते पायाला कळत नाही.
वॉशिंग्टन म्हणतो, साठ हजार आजच्या आज देतो,
आणि चौथ्या खुंटाचं कोण विचारतंय?
मी सांगतो, बघू.
सहा वर्षं मी बघू म्हणतोय.
परत द्यावी असंही मनात येतं,
बहुधा रविवारी, जेवणाआधी.

रामोनाने अंगठा उठवला,
शाई शर्टाच्या टोकाला पुसली
आणि विचारलं, दोऱ्या आजच काढू,
की वाळत घातलेली मासळी वाळू देताय?

विल्थरची बायको कचेरीसमोर कोर्विचे तळते.
केळ्याचं पीठ, आत मासा, वर मिरची.
बांधायला कागद माझेच; चुकलेले मसुदे
मी दर शुक्रवारी तिला नेऊन देतो.
आज एक घेतला. पाच डॉलरची नोट दिली,
राहू दे म्हटलं.
तिने हात पुसला, डबा उघडला,
चार डॉलर मोजले,
पुन्हा मोजले,
माझ्या तळव्यावर ठेवले.
कागदातून तेल उमटलं होतं.
उत्तरेस, पूर्वेस वाचता येत होतं अजून.