नमुना क्रमांक चौदा

ठकूबाई झोरेंनी पाला दिला तो मोजून.
नाव विचारायचं माझ्या ध्यानात आलं
तेव्हा पाटणची शेवटची एसटी वळणावर दिसत होती.
"याचं नाव दिवस कलल्यावर घेत न्हाईत," म्हणाल्या.
चिठ्ठीवर स्थानिक नावाची जागा कोरी राहिली.

कराडला, कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर,
सावलीत अकरा दिवस वाळवला. दळला. चाळला.
सॉक्सलेटमध्ये मिथेनॉल चढत-उतरत राहिलं
रहाटासारखं. दोनदा वीज गेली.
तळाशी उरली काकवीसारखी चिकट, काळपट हिरवी
चार ग्रॅमही न भरणारी गोष्ट.

मग जांभळ्या द्रावणाच्या नळ्या,
कपाटाच्या अंधारात अर्धा तास.
मी बाहेर स्टुलावर.
दार उघडलं: पहिली जांभळीच, दुसरी मळकट,
पाचवी पिवळी,
हळदीचा हात धुतलेल्या पाण्याची.
कुंभोजकर सरांनी आकडे पाहिले आणि
खूश होऊन भडंगाचा डबा पुढे केला.
म्हटलं, सर, कोळंबीची पिल्लं अजून बाकी आहेत.

ती धुळीएवढी. मिठाच्या पाण्यात
उजेडाकडे धावतात सगळी एकदम,
कुणी हाक मारल्यासारखी.
एकेका बाटलीत दहा सोडली.
दुसऱ्या दिवशी भिंगातून मोजली.
दहा मायक्रोग्रॅमला दहा जिवंत.
शंभरला नऊ.
हजारला तीन,
आणि त्यातल्या तिसऱ्याचा पाय हलतोय की पाणीच,
हे ठरेपर्यंत मी श्वास सोडला नाही.

रविवारी पुन्हा वर गेले. तक्ता घरीच ठेवला.
एवढंच सांगितलं, जास्त झालं की मारतं.
ठकूबाई शेळीच्या पायातला काटा काढत होत्या.
"मग? म्हणून तर सात पानं दिली.
आठवं खाल्लं तर ही दुपारपातुर उठत न्हाई.
तुझ्या त्या किड्यास्नी कुणी मोजून दिलं व्हतं का?"

मोजूनच दिलं होतं.
काटा निघाला. मी काही बोलले नाही.
ऊन डोक्यावर होतं, म्हणून नावही सांगितलं त्यांनी,
हलक्या आवाजात, शेळीकडे बघत.

सोमवारी चिठ्ठी पुरी केली.
वहीत एक ओळ तरीही अडून होती:
नुसत्या मिठाच्या पाण्याच्या बाटलीत,
जिथं मी काहीच घातलं नव्हतं,
तिथंही एक मेलं होतं.
सर म्हणाले, तेवढं चालतं.
मी ते दोनदा मोजलं.