एकशे सात तळ्यात आहे

सकाळी सहा सत्तावीसला एकशे सात नंबरची गाडी
रंकाळ्यात शिरली.
काठापासून पन्नास हात आत, थेट पाण्यावर,
वेग शून्य, इंजिन चालू.
मी फोन लावला.
सातगोंडा मगदूम म्हणाला, "मॅडम, स्टँडावरच हाय की.
चहा घेतोय. बुडालो तर मिस कॉल देतो."

प्रशिक्षणाला आलेल्या पोरानं समजावलं होतं:
वर उपग्रह फिरतात, त्यातल्या चौघांचं
एकमत झालं की गाडीची जागा ठरते.
चौघांचं एकमत!
त्याला एकदा आमच्या तालमीच्या बैठकीला बसवायला हवं,
वर्गणीचा हिशोब असेल त्या दिवशी.

मी चौदा वर्षं याच गाड्यांत तिकिटं फाडली.
गुडघ्यानं दगा दिला तेव्हा ही खुर्ची मिळाली,
हा पडदा, आणि त्यावर सरपटणारे
सत्तर-बहात्तर हिरवे ठिपके.
गाडी आता मला वरून दिसते,
पण टपावरचा गंज दिसत नाही,
दारातली पोरं दिसत नाहीत,
सुट्ट्या पैशांवरून चाललेलं भांडण तर नाहीच.

सासने टायमकीपर असताना
चौकातल्या पत्र्याच्या केबिनमध्ये एक रजिस्टर असायचं.
गाडी कोपऱ्यावर वळायच्या आधीच ते हॉर्नवरून
ड्रायव्हर ओळखायचे आणि वेळ लिहायचे.
खोटी लिहायचे.
पुलावर ट्रक आडवा झाला,
कुणाच्या पोरीचा दहावीचा निकाल होता,
कुणाला आदल्या रात्री जरा जास्त झाली होती,
त्या सगळ्या दिवशी रजिस्टरात
गाड्या मिनिटाला मिनिट वेळेवर पोचल्या.
ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना नारळ दिला.
रजिस्टरं रद्दीत गेली,
किलोला अकरा रुपये.

ठिपका खोटं बोलत नाही.
(तळ्याचं सोडा.)
म्हणून रोज संध्याकाळी सहा बावन्नला
गोकुळ शिरगावच्या अलीकडं, जिथं थांबा नाही,
एकशे सात लाल होते.
तीन मिनिटं. कधी चार.
आठवड्याच्या अहवालात सहा लाल रेघा,
वरच्या मजल्यावरून विचारणा: कारण?
यादीत चारच कारणं आहेत,
कोंडी, बिघाड, अपघात, इतर.

मला कारण माहीत आहे.
रस्ता रुंद झाला तेव्हा थांबा उचलून
उड्डाणपुलाच्या पल्याड नेला.
माणसं अलीकडंच राहिली.
फाउंड्रीची शिफ्ट पावणेसातला सुटते,
आठ जण, भुवयांत काळी वाळू,
त्यातला थोरला, त्याला पळता येत नाही.
मी त्यांची तिकिटं फाडलीत.
नोटा नेहमी गरम असायच्या.

गुरुवारी साहेब जेवायला गेल्यावर
नकाशा मोठा केला,
थांब्याचं चिन्ह माउसनं ओढत आणलं,
सोडलं.
संगणकानं विचारलं, नाव?
तिथं ना देऊळ, ना वड, ना दुकान.
मी टाइप केलं: आठ माणसं.

आता गाडीतली ती बाई, जी कधीच रजेवर जात नाही,
रोज त्याच सुरात सांगते,
पुढील थांबा, आठ माणसं.
प्रवासी हसतात. अहवाल हिरवा आहे.

काल सहा त्रेपन्नला कंडक्टर शबाना मुल्लाणीचा फोन:
"ताई, आज सातच आलेत.
सातगोंडा विचारतोय, सोडू का गाडी?"

पडद्यावर ठिपका उभा होता,
बरोबर जागेवर, पाण्याबाहेर.
एक मिनिट. दोन.
"थोरला आलाय का?"
"त्योच न्हाई."
"मग थांबा," म्हटलं. "घड्याळाचं मी बघते."