साक्षीदाराच्या उजव्या हाताला

बसा वकीलसाहेब, अजून मॅजिस्ट्रेटबाई यायच्यात.
किसुमूच्या या कोर्टात एकतीस वर्षं
मी साक्षीदाराच्या उजव्या हाताला उभा आहे.
तुमची इंग्रजी माझ्यातून लुओ होऊन जाते,
त्यांची लुओ माझ्यातून इंग्रजी होऊन येते,
आणि मधल्या मध्ये जे सांडतं
ते या फरशीवरून कुणी उचलत नाही.

उलटतपासणी शिकायचीय म्हणता.
आवाज चढवू नका. चढलेला आवाज
मी उतरवूनच पलीकडे देतो, फुकट जातो.
एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबलेत
तर बाई तिसऱ्याचं उत्तर देईल
आणि तुम्ही पहिल्याचं समजून मान डोलवाल.

न्यामवेया म्हणून एक होता, किसीकडचा,
लुओचं अक्षर येत नव्हतं त्याला.
डुंगाच्या किनाऱ्यावरून होडीचं इंजिन गेलेलं,
आरोपी ओबुया, वय एकोणीस, अंगात मामाचा कोट.
साक्षीला अपोंदी, ओमेना वाळवणारी;
ती आली की पिंजऱ्यात तळं यायचं, वासासकट.
सकाळी तिनं सांगितलं, मी याला पाहिलं.
बाईंनी लिहून घेतलं : चंद्र होता.

दुपारी न्यामवेया उठला. बराच वेळ गप्प.
मग, जसा बाजारात भाव विचारावा :
दुसऱ्या दिवशी मासळी वाळत घातलीत, मावशी?
घातली. चार ताडपत्र्या.
म्हणजे रात्री होड्या गेल्या होत्या.
सगळ्या.
दिवे घेऊन.
ती हसली. दिव्याशिवाय ओमेना येते होय?
आणि चांदणं असलं तर?
चांदण्यात कोण जातंय बाबा,
मासा दिव्याला भुलत नाही,
माणसं घरी जाळी शिवत बसतात.

बसला तो. पुढचं काही विचारलं नाही.
मग तुम्ही पाहिलंत कसं, हे तर नाहीच नाही.
सरकारी वकील फाईल उलटीसुलटी करत राहिले,
पंखा तेवढा बोलत होता.
अशी उलटतपासणी मी पुन्हा पाहिली नाही.
तुमच्यासारखी मुलं येतात, मी हीच सांगतो,
आणि इथवर येऊन थांबतो.

आज थांबत नाही. परवा रिटायर होतोय.

लुओत द्वे म्हणजे चंद्र.
महिना, तोही द्वेच.
अपोंदी सकाळी म्हणाली होती, द्वे सरत आला होता.
खोलीचं भाडं द्यायचं होतं तिला, महिनाअखेर होती,
म्हणून रात्रीची ओली मासळी घ्यायला ती किनाऱ्यावर.
मी म्हणालो, चंद्र कलत होता.
एका शब्दाला दोन दारं,
मी घाईत जवळच्यातून शिरलो
आणि माझ्यामागून सगळं कोर्ट.

तिच्या हसण्यात ते मला कळलं.
इंग्रजी वाक्य माझ्या जिभेवर होतं,
ते मी बरोबर पोचवलं, शब्दाला शब्द.
तोवर न्यामवेया बसला होता
आणि मला प्रश्न विचारायची पद्धत नाही.

कशाच्या उजेडात पाहिलं तिनं ओबुयाला?
असेल कुणाचा दिवा. नसेलही.
न विचारणं हेच तर कसब होतं.

पोरगा सुटला. कोट मामाकडे गेला.
अपोंदी जिन्यावर मला गाठून म्हणाली,
मी काय चुकीचं बोलले?
मी म्हणालो, काही नाही.
एकतीस वर्षांत या इमारतीत
तेवढंच एक वाक्य माझं स्वतःचं.

चला, बाई आल्या. उठा.
तुमची साक्षीदार कुठली? सियायाची?
मग हळू विचारा. आणि विचारताना तिच्याकडे बघा.
माझ्याकडे नको.
किंवा, बघाच एखाद वेळी.